भिंतीत कोरलेले चेहरे

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी "काहीतरी ऐतिहासिक लिहा" असा निरोप संपादिकाबाईंनी पाठवला, तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. बालवाडीत मुलांना गाणी शिकवली आणि मंडळाचे चिटणीसपद काही वर्षे सांभाळले, एवढीच माझी विद्या. परंतु एक विषय बरीच वर्षे मनात घर करून बसला आहे. तो इतिहासाचाही आहे आणि आपल्या मंडळाच्या इमारतीचाही आहे. तेव्हा तोच लिहिते. लांबण लागली तर क्षमा असावी.

विषय आहे भिंतीत कोरलेल्या माणसांच्या चेहऱ्यांचा. देवादिकांच्या मूर्ती आपण पुष्कळ पाहतो. त्यांच्याबद्दल मी बोलत नाही. तुमच्या-आमच्यासारख्या हाडामांसाच्या माणसाचा चेहरा, रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा भिंतीत, छिन्नीने कोरून ठेवायचा, ही गोष्ट कोणी, कधी आणि कोणासाठी केली?

आपल्यापैकी बऱ्याच जणी शिवनेरीच्या सहलीत होत्या. त्या सहलीत दुसऱ्या दिवशी सकाळी आपण नाणेघाटाला गेलो होतो. निम्म्या जणी वाऱ्याला भिऊन गाडीतच बसून राहिल्या आणि उरलेल्यांनी तो दगडी रांजण पाहून, "यातच जकातीची नाणी टाकत असत म्हणे" असे एकमेकींना सांगून फोटो काढले. मीही त्यांतलीच. पण घाटाच्या तोंडाशी जी चौकोनी गुहा आहे, तिच्या आत आपण पाच मिनिटेसुद्धा उभ्या राहिलो नाही, याचे मला आता वाईट वाटते. कारण माणसांच्या कोरलेल्या प्रतिमांचे, आणि तेही वर नावे घालून, महाराष्ट्रातले इतके जुने दालन दुसरे मला माहीत नाही.

नाणेघाट हा काही अरण्यातला आडमार्ग नव्हता. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल कोकणातून घाट चढून जुन्नरला आणि तेथून आपल्या गोदावरीकाठच्या पैठणला जाई. म्हणजे तो त्या काळचा हमरस्ताच होता. व्यापारी, बैलांचे तांडे, हमाल, भिक्षू अशा सगळ्यांची तेथे वर्दळ. त्या हमरस्त्यावर, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजघराण्याने आपल्या माणसांच्या प्रतिमा गुहेच्या मागल्या भिंतीत कोरून घेतल्या. वर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत नावे घातली. सिमुक सातवाहन, देवी नायनिका म्हणजे आपण जिला नागनिका म्हणतो ती, तिचा पती राजा श्री सातकर्णी, कुमार भायल, महारठी त्रणकयिर, कुमार हकुसिरि, कुमार सातवाहन. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर लांबलचक लेख आहे. त्यात यज्ञांची आणि दानदक्षिणेची यादी आहे: गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाणी. ते आकडे अक्षरांत नाहीत, चिन्हांत लिहिलेले आहेत, आणि भारतातल्या फार जुन्या आकड्यांत त्यांची गणना होते. हिशेब ठेवणाऱ्या बाईचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे, मग ती राणी का असेना.

त्या लेखात राणीचे वर्णन आहे ते मात्र वैभवाचे नाही. महिना महिना उपास करणारी, घरातच तपस्विनीसारखी राहणारी, असे तिला म्हटले आहे. पती गेलेला, मुले लहान, आणि राज्याचा गाडा ओढायचा! आजही एखादीच्या कपाळी असे आले म्हणजे आपण म्हणतोच ना, "बाई खंबीर निघाली". तशीच ती.

1828 साली साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या गुहेची नोंद केली. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी लेख वाचून त्याचा अर्थ लावला. आता मुख्य गोष्ट सांगते. त्या प्रतिमा आज नाहीत. चेहरे नाहीत, धडे नाहीत. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या दगडात उरल्या आहेत, आणि वर नावे. राणी नागनिका आपल्याला नावाने माहीत आहे, तिच्या दानाचे आकडे माहीत आहेत, पण तिचा चेहरा कसा होता हे पाहणारे शेवटचे डोळे कोणाचे होते, देव जाणे.

असो. आता दोन हजार वर्षे ओलांडून मुंबईला येते.

चार वर्षांपूर्वी डोळ्यांच्या तपासणीसाठी मी परभणीहून देवगिरी गाडीने मुंबईला गेले. बरोबर भाचा होता. तो चित्रकलेचा विद्यार्थी आहे, त्यामुळे सरळ टॅक्सीत बसून इष्टस्थळी जाणे त्याच्या स्वभावात नाही. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरलो, तर त्याने मला रस्ता ओलांडून पलीकडच्या पदपथावर नेले आणि म्हणाला, "मावशी, वर बघ." डोळ्यांना अंधुक दिसते म्हणून तर मी आलेली! पण त्याने आपल्या फोनचा कॅमेरा त्या भिंतीवर रोखला, बोटांनी चित्र मोठे केले आणि फोन माझ्या नाकाशी धरला. पाहते तो भिंतीतून माणसे डोकावत होती.

ही इमारत 1878 ते 1888 या दहा वर्षांत बांधली गेली. आराखडा स्टीव्हन्स नावाच्या स्थापत्यविशारदाचा. दगडातले कोरीवकाम मात्र मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतल्या विद्यार्थ्यांचे, आणि त्यांच्यावर देखरेख जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाची. या ग्रिफिथ्ससाहेबांचे नाव आपल्या मराठवाड्याने विसरू नये, कारण 1872 पासून पुढे कित्येक वर्षे आपले विद्यार्थी घेऊन त्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. लेण्यांत बसून ज्यांनी जुने चेहरे उतरवून घेतले, त्याच शाळेतल्या हातांनी मुंबईच्या भिंतीत नवे चेहरे कोरले.

कोणाचे? रेल्वेशी संबंध असलेल्या बड्या मंडळींचे. गव्हर्नर एल्फिन्स्टन आहेत, बार्टल फ्रियर आहेत. आपल्यांपैकी सर जमशेटजी जीजीभाई आहेत आणि जगन्नाथ शंकरशेट आहेत. नाना शंकरशेट यांचा तेथील मान वाजवीच आहे. पहिली आगगाडी 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली, त्यामागे त्यांचा हात होता. आणि मुलींना शिकवणे हे पाप समजले जाई त्या काळात त्यांनी मुलींच्या शिक्षणाची बाजू उचलून धरली. गोल चौकटीतला त्यांचा चेहरा मी पुष्कळ वेळ पाहिला.

त्याच भिंतीवर आणखी एका जागी डोकी कोरलेली आहेत. निरनिराळ्या पगड्या, फेटे, टोप्या. त्यांना नावे नाहीत. भाचा म्हणाला, "हे हिंदुस्थानातले निरनिराळे समाज." म्हणजे साहेबाचा चेहरा तो त्याचा स्वतःचा, आणि बाकीच्यांचा चेहरा पगडीचा.

मी म्हटले, "बायका कोठे आहेत रे?" त्याने कॅमेरा घुमटाकडे नेला. सर्वांत वर एक बाई उभी आहे, हात उंचावून. तिचे नाव 'प्रगती'. खाली आणखी आहेत, पण कोणी 'शेती', कोणी 'व्यापार'. भगिनींनो, मला हसू आले. खरी शेती करणारी बाई भिंतीवर एकही नाही, आणि 'शेती' मात्र बाईच्या रूपाने बसली आहे! बाई कल्पना म्हणून हवी असते. पण माणूस म्हणून तिचे नावगाव विचारण्याचे कोणाला सुचले नाही. नाही म्हणायला एका खऱ्या बाईचा पुतळा तेथे घड्याळाखाली होता, राणी व्हिक्टोरियाचा. तोही स्वातंत्र्यानंतर काढण्यात आला. ते योग्यच झाले, माझी त्याबद्दल काही तक्रार नाही. पण कोनाडा रिकामा आहे, हे खरे.

डोळ्यांचे काम आटोपल्यावर दुसऱ्या दिवशी भाच्याने मला राजाबाई टॉवर दाखवला. मुंबई विद्यापीठाच्या आवारातला हा उंच मनोरा 1869 साली सुरू होऊन 1878 साली पुरा झाला. त्याचा नकाशा ज्या गिल्बर्ट स्कॉट यांनी काढला, ते हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. विलायतेत बसून कागदावर मनोरा उभा केला. पैसा प्रेमचंद रायचंद या कापसाच्या व्यापाऱ्याचा. त्याची अट एकच, मनोऱ्याला आपल्या आईचे नाव द्यावे. आईला दिसत नव्हते, जैन धर्माच्या नियमाप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवायचे असे, म्हणून घड्याळाचे टोले ऐकून तिला वेळ कळावी, अशी गोष्ट लोक सांगतात. डोळ्यांत औषध घातलेल्या अवस्थेत मी ती ऐकली, त्यामुळे मला जरा जास्तच भिडली असावी.

या मनोऱ्यावर चोवीस माणसे कोरलेली आहेत. पश्चिम हिंदुस्थानातल्या चोवीस जाती त्यांतून दाखवल्या आहेत, आणि त्यांचे नमुने घडवले ते रावबहादूर मुकुंद रामचंद्र या आपल्याच माणसाने. काम देखणे आहे. अंगरख्याची चुण, पागोट्याचा पीळ, सगळे यथातथ्य. रस्त्यावरच्या माणसांना उचलून विद्यापीठाच्या मनोऱ्यावर चढवावे, ही गोष्ट त्या काळी लहान नव्हे. परंतु तेथेही खोट तीच. जाती आहेत, माणसे नाहीत. मुकुंद रामचंद्रांच्या समोर नमुन्यासाठी कोणीतरी बसले असणार, त्याला तहान लागली असणार, पाय अवघडले असणार. त्याचे नाव दगडावर आले नाही. आणि जिचे नाव मनोऱ्याला आहे त्या राजाबाईचा चेहरा त्या चोवीसांत नाही.

मुंबईत यापेक्षा वेगळे काम मी एकाच ठिकाणी पाहिले. फोर्ट भागात न्यू इंडिया अॅश्युरन्स कंपनीची इमारत आहे, 1936 च्या सुमाराची. तिच्या दर्शनी भिंतीवर ना. ग. पानसरे या मराठी शिल्पकाराने शेतात, घरात आणि कारखान्यात राबणारी माणसे कोरली आहेत. त्यांत बाया आहेत, आणि त्या कोणत्याही कल्पनेचे रूप घेऊन उभ्या नाहीत, कामात आहेत. विमा कंपनीच्या दारावर गरिबांचे काय काम, असे कोणी म्हणेल. पण मला ती भिंत आवडली. तिच्यासमोर उभे राहिले तर मान फार वर करावी लागत नाही.

येताना गाडीत भाच्याने फोनवर मला आणखी एक गोष्ट दाखवली. पोर्तुगाल देशात 1987 साली जन्मलेला एक कलावंत आहे, अलेशांद्रे फार्तो. लोक त्याला व्हिल्स म्हणतात. पोर्तुगाल म्हणजे 1961 पर्यंत ज्यांनी गोवा सोडला नाही तेच. त्या देशात 1974 साली हुकूमशाही उलथून क्रांती झाली, तेव्हा लोकांनी भिंतीभिंतींवर आपल्या आशेची चित्रे रंगवली. हा मुलगा मोठा होईतो त्या चित्रांवर जाहिराती चिकटल्या होत्या, जाहिरातींवर जाहिराती. त्याच्या मनात आले की भिंतीला आणखी एक थर देण्याऐवजी आहेत ते थर काढावेत. म्हणून तो रंग लावत नाही. छिन्नी, हातोडा, यंत्राचा गिरमिट, कधीकधी लहानसा सुरुंगसुद्धा वापरतो, आणि गिलावा खरवडून, विटा उघड्या करून भिंतीतून माणसाचा चेहरा बाहेर काढतो. पांढरा गिलावा राहील तेथे उजेड, वीट दिसेल तेथे सावली. दुरून पाहावे तर हुबेहूब म्हातारा किंवा म्हातारी. जवळ जावे तर नुसती फुटकी भिंत.

2012 साली तो ब्राझील देशातल्या रिओ शहरात गेला. तेथे प्रॉव्हिडेन्सिया नावाच्या डोंगरावरची गरिबांची वस्ती शहरसुधारणेसाठी हटवण्याचे काम चालू होते. ज्या कुटुंबांना घरे सोडावी लागली वा लागणार होती, त्यांतल्या माणसांचे चेहरे त्याने त्यांच्याच घरांच्या भिंतींत कोरले. घर पाडायला येणाऱ्याने आधी त्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचा. पाडणारे थांबतात असे नाही. पण कोणाचे पाडतो आहोत हे न पाहता तरी पाडता येत नाही.

भाचा म्हणाला, "मावशी, ही अगदी नवी कला आहे." मी गप्प राहिले. मनमाड गेले तरी गप्प होते. तो समजला, मला झोप लागली. कारण भिंतीतून असा चेहरा बाहेर येताना मी पूर्वी पाहिला होता, पिंगळीत पाहिला होता, आणि त्याचे मी काय केले ते माझे मला ठाऊक होते.

आता आपल्या मंडळाच्या इतिहासाकडे वळते. नव्या सभासद भगिनींना सगळे ठाऊक नसेल.

1972 च्या दुष्काळाच्या गोष्टी आपण सासूकडून, आईकडून ऐकलेल्या आहेत. लाल मिलो, सुकडी, कोरड्या विहिरी, आणि रस्त्याचे काम. ज्यांनी कधी उंबरा ओलांडला नव्हता अशा घरच्या बायका खडी फोडायला बसल्या. माझ्या सासूबाई त्यांतल्या एक. पहिल्याच दिवशी त्यांचे बोट ठेचले. दगड कसा धरावा, हातोडा किती उचलावा, कोणत्या बाजूने मारला म्हणजे दगड आपला आपण फुटतो, यातले त्यांना काय ठाऊक! त्या सगळ्याजणींना हे शिकवले ते एका विशी-बाविशीच्या मुलीने. ती वडार समाजातली, दगड हे तिचे घरचेच काम. ती या बायकांच्या बोटांना चिंध्या गुंडाळून देई, चिलटासारख्या उडणाऱ्या कपच्या डोळ्यांत जाऊ नयेत म्हणून पदर कपाळावर कसा ओढायचा ते दाखवी, आणि स्वतःचा ढीग पुरा झाला की मागे राहिलेलीच्या ढिगावर येऊन बसे. त्या रस्त्यावर ज्यांची मैत्री जुळली त्यांनीच पुढे दोन-तीन वर्षांनी आपले मंडळ काढले. भिशी, भजन, शिवणवर्ग या क्रमाने ते वाढले. परंतु मंडळाच्या कचेरीत लावलेल्या पहिल्या सभासदांच्या फोटोत ती नाही. तिला बोलावले नव्हते की ती कामावर गेली होती, यावर सासूबाई कधी बोलल्या नाहीत.

तुम्ही तिला ओळखता. दिवाळीच्या आधी आणि लग्नसराईत "टाकीऽऽ, जात्याला पाट्याला टाकी" अशी आरोळी देत गल्लीत येणाऱ्या त्याच आजी. पाटा गुळगुळीत झाला की वाटण सरकते, म्हणून त्याला छिन्नीने बारीक बारीक ठिपके पाडायचे, त्याला टाकी लावणे म्हणतात, हे नव्या सुनांसाठी सांगते. घरोघर मिक्सर आल्यापासून हे सांगावे लागते. आजी पाट्याला टाकी लावताना शेवटी त्यावर एक मासोळी किंवा सूर्य काढून देत. त्याचे निराळे पैसे नाहीत.

सुमारे दहा वर्षांपूर्वी मी चिटणीस असताना आजींबरोबर त्यांची नात येत असे. चौदा-पंधरा वर्षांची असेल. शाळा सुटलेली. आजी मंडळाच्या ओट्यावर बसून काम करीत आणि पोर मागे सावलीत टकटक करीत असे. मला वाटे, हात बसवते आहे. एक दिवस मी मागच्या अंगाला गेले, तर आपल्या इमारतीच्या काळ्या दगडाच्या जोत्यावर आजींचा चेहरा! रेघ एकसुद्धा नाही. नुसते टाकीचे ठिपके, जसे पाट्यावर असतात तसे. गालाच्या खळग्यात दाट, कपाळावर विरळ. कपाळावर ओढलेला पदर. एक डोळा किंचित बारीक केलेला, कपची चुकवताना माणूस करतो तसा.

भगिनींनो, मला कौतुक वाटले नाही. संताप आला. चाळिसावा वर्धापनदिन तोंडावर, तालुक्याहून पाहुणे यायचे, रंगसफेदी नुकती झालेली, आणि या पोरीने भिंत खराब केली! मी तिला बोलले. काय बोलले ते येथे लिहीत नाही. पण त्यात तिच्या जातीचा उल्लेख होता, एवढे लिहिणे भाग आहे. आजी उठल्या, हत्यारे पिशवीत टाकली आणि नातीचा हात धरून निघाल्या. फाटकाशी थांबून म्हणाल्या, "बाई, पुसू नगा वो. म्या सांगते तिला." बस्स, एवढेच.

मी दुसऱ्याच दिवशी गवंडी बोलावला. काळ्या दगडावर सिमेंटचा गिलावा धरत नाही, म्हणून आधी छिन्नीने टाचे मारावे लागतात. तो टाचे मारत होता आणि मी पाणी शिंपडायला बादली घेऊन उभी होते. संध्याकाळी घरी आले, तर सासूबाईंना बातमी लागलेली. तेव्हा त्या अंथरुणालाच खिळलेल्या होत्या. म्हणाल्या, "जिनं आम्हाला हातोडा धरायला शिकवलं, तिच्या तोंडावर सिमेंट लिंपलंस व्हय गं?" वर सांगितलेली खडीच्या रस्त्याची गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. त्या वर्षीच्या अहवालात मात्र 'जोत्याची दुरुस्ती' असा खर्च मीच लिहिला आहे. कोणाला पाहायचा असल्यास दप्तरात आहे.

त्यानंतर आजींनी आपल्या गल्लीत यायचे सोडले नाही, पण मंडळाच्या ओट्यावर त्या पुन्हा बसल्या नाहीत. आपल्यातल्या कोणाच्या ते लक्षात आले असेल तर ठाऊक नाही.

मुंबईहून परत आल्यावर मी चार-सहा महिने धीर गोळा करीत होते. मग एक दिवस आजींच्या वस्तीवर गेले. त्या आता सत्तरीच्या पुढे आहेत; हात थरथरतो, पण टाकी अजून सोडलेली नाही. नात लग्न होऊन पुण्याकडे गेली आहे, नवऱ्याबरोबर बांधकामावर असते, तिलाही मूल आहे. मी माफी मागितली. कशी मागितली ते मला नीट आठवत नाही, वाक्य पुरे झाले नसावे. आजींनी चहा टाकला. मग मी विचारले, तो गिलावा काढला तर खाली चेहरा निघेल काय?

त्यांनी लगेच उत्तर दिले नाही. हे त्यांच्या कामातले होते, त्यामुळे त्यांनी कामासारखाच विचार केला. म्हणाल्या, "शिमिट निघंल. हळूहळू कडंकडंनं उचकटलं तर निघंल. पर टाचे किती मारलेत?"

मी म्हटले, "मोजले नाहीत."

"खोल हायेत का वरवर?"

तेही मला सांगता आले नाही. मी तेव्हा बादलीकडे पाहत होते.

आजी म्हणाल्या, नातीला बोलवावे लागेल, कारण ठिपका कोणता तिचा आणि कोणता गवंड्याचा, हे तिच्याशिवाय दुसऱ्याला कळायचे नाही. ती दिवाळीला येते.

तेव्हा माझी कार्यकारिणीला लेखी विनंती आहे, आणि ती मी या स्मरणिकेतच करीत आहे म्हणजे कोणाला ती विसरता येणार नाही. सुवर्णमहोत्सवानिमित्त दर्शनी भिंतीवर संगमरवरी पाटी बसवण्याचे ठरले आहे. त्या पाटीवर देणगीदारांची नावे येणार आहेत, त्याला माझा विरोध नाही. परंतु दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मागच्या जोत्याचा गिलावा काढण्याची परवानगी द्यावी. मजुरी मी देईन. ती गवंड्याच्या दराने न देता कारागिराच्या दराने द्यावी असे माझे म्हणणे आहे. त्या दिवशी ज्यांना यायचे त्यांनी सकाळी नऊला यावे. घरी जुना पाटा असेल तर सोबत आणावा. आजी ओट्यावर बसायला कबूल झाल्या आहेत.